मोठीमायची गाणी रेकॉर्ड करायला महागडा कॉम्प्युटर लागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यूट्यूबवर अहिराणी गाण्यांची सध्या चलती आहे, लग्नात डीजेवर तीच वाजतात, आणि ती बनवणारी पोरं आपल्याच जळगाव धुळ्याकडची आहेत याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण त्याच पोरांच्या घरात त्यांची मोठीमाय, म्हणजे आजी, असते, जात्यावरच्या ओव्या, कानबाई या आपल्या खानदेशच्या देवीची गाणी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यावरची गाणी सगळी तोंडपाठ, आणि तिचं एकही गाणं कुठे नीट रेकॉर्ड झालेलं नसतं. का नाही केलं असं विचारलं की उत्तर ठरलेलं, मॅडम आपल्याकडे तसला कॉम्प्युटर नाही, स्टुडिओवाला तासाचे पैसे घेतो, आणि माय काही स्टुडिओत यायची नाही. यातलं पहिलं कारण साफ चुकीचं आहे, त्यासाठीच हे पत्र लिहितेय. थोडं लांबलंय पण जागा द्यावी ही विनंती.

मी पारोळ्याकडे एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि सुट्टीत आसपासच्या गावांत जाऊन बायकांची गाणी रेकॉर्ड करते, त्यामुळे जे सांगतेय ते हाताखालून गेलेलं आहे.

घाई का म्हणाल तर, २००१ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे, अहिराणी धरून, २० लाख ७५ हजारांच्या आसपास होते, आणि २०११ ला तोच आकडा १८ लाख ६० हजारांच्या घरात आला. फॉर्म भरताना काहींनी मराठी सांगितलं असेल असं धरलं तरी घरात पोरांशी अहिराणी बोलणं कमी झालंय हे आपण सगळे बघतोच आहोत. गाणी तर त्याच्याही आधी जातात, कारण पिठाची गिरणी आली तेव्हाच जातं कोपऱ्यात गेलं आणि जात्याबरोबर ओवी गेली. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी पुण्यातून काम करून जात्यावरच्या एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आज पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या वेबसाइटवर प्रत्यक्ष आवाजात ऐकायला मिळतात, ऐकाच एकदा. आपल्या अहिराणीचं तसं काम बाहेरून कोणी येऊन करेल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

आता कॉम्प्युटरचं. ओळखीतला एक मुलगा दुकानात गेला, म्हणाला आजीची गाणी रेकॉर्ड करायचीत, तर दुकानदाराने त्याला सरळ गेमिंगचा पीसी दाखवला, ग्राफिक्स कार्ड, रंगीत लाइटवाले पंखे, सगळं मिळून ऐंशी हजारांच्या वर, आणि पोरगं बिचारं हिरमुसून परत आलं. मला याचा फार राग आला. आवाज रेकॉर्ड करायला ग्राफिक्स कार्डाचं काडीचं काम नाही. एक माइक, एक आवाज, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटने घेतलं तर सेकंदाला ४८ हजार नमुने, एक लाख ४४ हजार बाइट, तासाला साधारण ५२० एमबी. एवढं लिहून घ्यायला शाळेच्या लॅबमधला धूळ खात पडलेला जुना कॉम्प्युटरसुद्धा पुरतो. ताकद लागते ती पुढच्या कामाला, तीस चाळीस ट्रॅक, प्रत्येकावर रिव्हर्ब कॉम्प्रेसरसारखे आवाजाचे इफेक्ट, वर कीबोर्डवर वाजवलेली सॉफ्टवेअरमधली वाद्यं, ते यूट्यूबवाल्या पोरांचं काम आहे, त्यांना १६ जीबी रॅम आणि चांगला प्रोसेसर लागतो हे खरंच आहे. मोठीमायच्या ओवीला ८ जीबी रॅम असलेला जुना लॅपटॉप भरपूर झाला.

जुन्या मशीनवर एकच खर्च करा, फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी टाका. लोक ती स्पीडसाठी टाकतात, मी टाकायला सांगते कारण तिचा आवाज होत नाही. रेकॉर्डिंगला कॉम्प्युटर किती फास्ट यापेक्षा तो किती गप्प बसतो याला जास्त महत्त्व आहे. आणि लॅपटॉपच बरा, टॉवरवाला पीसी नको, कारण मायला खोली बदलायला लावता येत नाही, तुम्हालाच तिच्या ओसरीवर जावं लागतं, आणि दुसरं म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर चालतो. खेड्यातल्या जुन्या वायरिंगला अर्थिंग धड नसते, चार्जर लावला की हेडफोनमधे ५० हर्ट्झची घूं घूं ऐकू येते, चार्जर काढला की बहुतेक वेळा ती जाते. लोडशेडिंगचं टेन्शनही नाही.

मशीन फार जुनं असेल आणि विंडोज ११ त्यावर चढत नसेल तरी फेकू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून बरेच लोक चांगले लॅपटॉप भंगारात द्यायला निघालेत. त्यावर लिनक्स मिंट टाकायचं, फुकट आहे, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर त्यावरही चालतं, आर्डर नावाचं मोठं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसुद्धा मुळात लिनक्सवरच वाढलेलं आहे. आणि रेकॉर्डिंगचं मशीन तसंही नेटला जोडून ठेवायचं नसतं.

विंडोजवरच राहायचं असेल तर थोडी साफसफाई करावी लागते, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. साउंड सेटिंगमधे माइकवर ऑडिओ एनहान्समेंट नावाचं एक बटण असतं ते बंद करा, नाहीतर विंडोज स्वतःच्या मनाने आवाज साफ करायला जातं आणि म्हातारीचा बारीक सूर ओवीच्या शेवटी लांबतो ना, तोच गोंगाट समजून कापून टाकतं. पॉवर सेटिंगमधे यूएसबी झोपवायचा पर्याय असतो तोही बंद, नाहीतर मधेच माइक गायब होतो. रेकॉर्डिंग चालू असताना वायफाय बंद, अँटीव्हायरसचं स्कॅनिंग थांबवलेलं, नोटिफिकेशनचे टिंग टिंग बंद. एवढं केलं की जुनं मशीनही तासभर न अडखळता रेकॉर्ड करतं.

सॉफ्टवेअरवरून तर नुसता गोंधळ आहे. मुलं मला पहिलं विचारतात, मॅडम मोठ्या स्टुडिओत कोणतं वापरतात. प्रो टूल्स वापरतात, क्युबेस, न्युएंडो वापरतात, पण ते त्यांच्या कामासाठी, आणि त्याच नादात पोरं कुठूनतरी क्रॅक व्हर्जन उतरवतात, ते टाकायला अँटीव्हायरस बंद करतात आणि मग सगळा लॅपटॉप व्हायरसने भरतो, घरातल्या फोटोंसकट सगळं जातं. काहीच गरज नाही हो त्याची.

माझं मत विचाराल तर सुरुवात ऑडॅसिटीने करा. २००० सालापासून आहे, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि मला त्याचं सगळ्यात आवडतं ते हे की उघडलं की समोर लाल बटण दिसतं, दाबलं की रेकॉर्डिंग चालू. सातवीतली मुलगी लगेच शिकते. पहिल्यांदा उघडल्यावर तीन गोष्टी बघायच्या. ऑडिओ सेटअपमधे होस्ट, म्हणजे विंडोज माइकशी कोणत्या मार्गाने बोलतं ते, एमएमई (MME) असेल तर बदलून वासापी (WASAPI) करा, रेकॉर्डिंग चॅनल मोनो ठेवा कारण एक माइक म्हणजे मोनोच, स्टिरिओ घेऊन फाइल उगीच दुप्पट होते, आणि सॅम्पल रेट ४८००० करा. सीडीचा रेट ४४१०० असतो, तोही चालतो, माणसाच्या कानाला २० किलोहर्ट्झच्या वर ऐकू येत नाही आणि दोन्ही रेट तेवढं पकडतात, पण पुढे कोणी व्हिडिओ केला तर व्हिडिओला ४८००० लागतो म्हणून तो बरा. ९६००० च्या मागे लागू नका, त्याने ओवी जास्त गोड होत नाही.

ऑडॅसिटीची अडचण एकच, ते एका वेळी एकाच डिव्हाइसवरून रेकॉर्ड करतं. म्हणजे दोन यूएसबी माइक घेतले आणि दोन्ही एकदम लावले तर जमत नाही. आणि आपल्याकडे कानबाईच्या रात्री एक बाई गाते आणि बाकीच्या मागून उचलतात, तिथे दोन माइक लागतातच. म्हणून मी यूएसबी माइकपेक्षा दोन माइकची इनपुट असलेला छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायची यूएसबीची डबी, आणि स्टेजवर हातात धरतात तसले साधे डायनॅमिक माइक घ्या असं सांगते. घेताना दोन्ही इनपुट माइकचे आहेत का ते नीट बघून घ्या, सगळ्यात स्वस्त मॉडेलांत माइकचं एकच असतं. सुरुवातीला एकच माइक घेतला तर इंटरफेस, माइक, स्टँड, वायर आणि हेडफोन मिळून दहा बारा हजारांत बसवता येतं, त्या ऐंशी हजारांपुढे बघा. भजनी मंडळाकडे डायनॅमिक माइक असतोच, तोही चालेल, फक्त त्याच्या वायरीच्या टोकाला अॅम्प्लिफायरची जाड पिन असते, ती लावू नका, तीन काड्यांची एक्सएलआर वायर वेगळी घ्या. आणि कोणताही माइक लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात कनव्हर्टर लावून घुसवू नका, तिथे आवाजापेक्षा सूं सूं जास्त येते.

लोक म्हणतात कंडेन्सर माइक घ्या, स्टुडिओत तोच असतो. कंडेन्सर बारीक सारीक पकडतो हे खरं, इंटरफेसवर त्याच्यासाठी ४८ व्होल्टचं बटण असतं, पण तो शेजारच्या घरातला टीव्ही, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, कोंबडा, सगळंच पकडतो. गावातल्या ओसरीवर डायनॅमिकच बरा, तोंडाजवळ एक वीतभर अंतरावर, थोडा तिरपा ठेवायचा म्हणजे प आणि फ चे फुंकर आत जात नाहीत.

पूर्ण भजनी मंडळ किंवा वहीगायनाचं, म्हणजे आपल्याकडच्या पारंपरिक समूहगायनाचं, मंडळ रेकॉर्ड करायचं असेल, चार चार माइक, तर मग चार इनपुटचा इंटरफेस आणि रीपर नावाचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर घ्या. डाउनलोड अगदी छोटं असतं, ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं आणि नंतर घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला आहे. पैसे भरा, बनवणाऱ्यांनी विश्वासाने उघडं ठेवलंय. रीपरमधे प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक मिळतो, त्यात इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेस विंडोजशी जोडून देणारं छोटं सॉफ्टवेअर, टाकायचा. बफर नावाची एक सेटिंग दिसेल, कॉम्प्युटर एका वेळी किती नमुने साठवून पुढे पाठवतो ती, नुसतं रेकॉर्ड करायचंय तर ५१२ किंवा १०२४ ठेवा, जुनं मशीन अडखळत नाही. बफर कमी करायची गरज तेव्हा, जेव्हा गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून हेडफोनमधे ऐकायचा असतो, १०२४ ला तो नुसत्या बफरनेच २१ मिलिसेकंद उशिरा येतो आणि गायला अवघड जातं. आपल्या मायला हेडफोन लावायचाच नाहीये, तेव्हा तो प्रश्नच मिटला. आणि टाळवाल्याला माइकपासून सगळ्यात लांब बसवा, टाळ सगळ्या माइकमधे घुसतो, तो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांना गॅरेजबँड फुकट मिळतं, तेही चांगलंय, पण मॅक असणारे आपल्याकडे किती.

मोबाइलवर नको का, असं बरेच जण विचारतात. काहीच नसण्यापेक्षा मोबाइल शंभर पटीने बरा, माय आज गातेय तर आज मोबाइल काढा, वाट बघू नका. पण मोबाइलचे बरेच रेकॉर्डर आवाज आपोआप वरखाली करतात आणि दाबून साठवतात, आणि मग तो व्हॉट्सॲपवर फिरला की आणखी दाबला जातो. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी जाते.

आता प्रत्यक्ष घरात काय होतं ते. जात्यावरची ओवी जात्याशिवाय गायला सांगितली की बायका अडखळतात, दुसरी ओळ आठवत नाही, हात फिरला की शब्द येतो. म्हणून जातं चालू राहू द्या, मूठभर दाणे घालून. फक्त माइकचा स्टँड त्याच फरशीवर ठेवला तर घरघर जमिनीतून वर चढते, स्टँडखाली गोधडी चौपट घडी करून ठेवली की ती बरीच कमी होते. बांगड्या वाजतात. बांगड्या काढा असं सवाशिणीला चुकूनही म्हणू नका, तिला ते अशुभ वाटतं आणि बरोबरच आहे तिचं, मऊ रुमाल बांगड्यांवरून सैल गुंडाळला की भागतं. पाठीमागे खाट उभी करून तिच्यावर गोधड्या टाकायच्या, पक्क्या भिंतीचा घुमारा मरतो. फ्रीजचं बटण बंद, भिंतीवरचं टिकटिक घड्याळ काढून आतल्या खोलीत. पंख्याचं मात्र अवघड आहे, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४, ४५ ला जातो, पंखा बंद करून म्हातारीला बसवणं हे पाप आहे, आणि दुपारी पत्रेही तापून तडतडतात. म्हणून पहाटे जा. दळणाची वेळही पहाटेचीच, गाव शांत असतं, गळाही मोकळा असतो.

रेकॉर्डिंगची पातळी कमी ठेवा. सगळ्यात जोरात गायलं तरी मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहिला पाहिजे. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि उतू गेलेलं दूध जसं परत पातेल्यात येत नाही तसा तो फाटलेला सूर परत येत नाही. कमी पातळीवर घेतलेलं नंतर वाढवता येतं, २४ बिटमधे त्याला भरपूर जागा असते. गाणं सुरू व्हायच्या आधी दहा सेकंद नुसती शांत खोली रेकॉर्ड करा, ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शनला तोच नमुना द्यावा लागतो. पण ते हलक्या हाताने वापरा, जास्त लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि मूळ फाइलला तर कधीच हात लावू नका, जे काय करायचं ते कॉपीवर.

फाइल वेव्हमधे ठेवा, जागा वाचवायची तर फ्लॅकमधे, दोन्हीत काहीच कापलं जात नाही. एमपीथ्री फक्त नातेवाइकांना पाठवायला. ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट सेव्ह केला म्हणजे काम झालं असं समजू नका, वेव्ह एक्सपोर्ट कराच. आणि एक्सपोर्ट केल्यावर फाइलला नाव द्या, गाव, बाईचं नाव, गाण्याचा प्रकार, तारीख. नवीन रेकॉर्डिंग १, नवीन रेकॉर्डिंग २ अशा फाइलींचा पाच वर्षांनी कोणालाच उपयोग नसतो. त्याहून चांगलं म्हणजे मायलाच पहिल्यांदा माइकवर बोलायला सांगा, मी अमकी, माहेर अमुक गाव, हे गाणं माझ्या सासूकडून शिकले. त्यात माहितीही येते आणि तिचा बोलण्यातला आवाजही राहतो. एक कॉपी घरी, एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे हार्डडिस्कवर. पेनड्राइव्हवर भरवसा नको.

आणि तिला विचारा. हे यूट्यूबवर टाकू का, का फक्त घरच्यांसाठी ठेवू. काही गाण्यांत सासूबद्दल, नवऱ्याबद्दल जे असतं ते तिला जगापुढे नको असतं, तो तिचा अधिकार आहे. तिने नाही म्हटलं तर नाही. कोणी तिच्या ओवीवर बीट टाकून गाणं बनवणार असेल तर तिचं नाव आणि तिचा वाटा त्यात आला पाहिजे, हे मी त्या यूट्यूबवाल्या पोरांना अगदी कळकळीने सांगते.

धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात आणि राजवाडे संशोधन मंडळात जुनी हस्तलिखितं, कागद किती जिवापाड जपून ठेवलेत, म्हणजे जपायची सवय आपल्या खानदेशात आहेच, ती आता आवाजापर्यंत यायला हवी. माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक तालुक्याच्या एका तरी सार्वजनिक वाचनालयाने एक जुना लॅपटॉप, एक इंटरफेस, दोन माइक आणि एक हार्डडिस्क एका पेटीत तयार ठेवावी, पुस्तकासारखी नोंद करून ती पेटी घरी न्यायला द्यावी, आणि परत आणताना गाण्यांची एक कॉपी, बाईची परवानगी असेल तर, वाचनालयात जमा करून घ्यावी. शाळांनी लॅबमधले जुने कॉम्प्युटर निर्लेखित करायच्या आधी त्यातला एखादा या कामाला द्यावा. ऑडॅसिटी टाकून सेटिंग लावून द्यायला एक दुपार पुरते, आमच्या बाजूच्या कोणत्याही वाचनालयाला ते मी स्वतः येऊन करून देईन, पैसे नकोत. आखाजीला माहेरवाशिणी गावात येतात, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्याआधी पेट्या तयार झाल्या तर त्याच वर्षीची गाणी हाती लागतील. आपल्या पेपरने तालुक्याच्या पानावर कोणत्या वाचनालयात अशी पेटी आहे ते छापत जावं एवढी विनंती.

आपली नियमित वाचक,
एक संगणक शिक्षिका, ता. पारोळा, जि. जळगाव